दोन सूर्योदयांचं विमान: पर्थ ते कोग्गला, 1943 ते 1945

खारावारा

गेली नऊ वर्षं पर्थमध्ये राहतोय. संध्याकाळी स्वान नदीच्या काठाने, क्रॉलीपासून नेडलँड्सकडे फिरायला जायची सवय आहे. पाणी संथ, काळे हंस, शिडाच्या होड्या. पलीकडे शहराचे मनोरे. युद्धाच्या काळात याच पाण्यावरून विमानं उठत आणि थेट सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, जाऊन उतरत, हे मला इथे आल्यावरही बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. कळल्यापासून मात्र ते डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1938 पर्यंत इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया हा प्रवास 'एम्पायर' जातीच्या उडत्या बोटींनी होऊ लागला होता. उडती बोट म्हणजे खाली तराफे लावलेलं विमान नव्हे. तिचं पोटच नावेसारखं बांधलेलं असतं आणि ती त्या पोटावर पाण्यात बसते. धावपट्टी नको, नदी, तळं किंवा शांत खाडी पुरते. जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरला आणि भूमध्य समुद्रावरचा मार्ग बंद झाला. तेव्हा तो दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनपासून कैरो, कराची, कलकत्ता, रंगून, सिंगापूर करत सिडनीपर्यंत नेला. नकाशावर तो घोड्याच्या नालेसारखा दिसे, म्हणून नावही तेच पडलं.

ती नाल 1942 च्या सुरुवातीला तुटली. 30 जानेवारीला तिमोरजवळ जपानी लढाऊ विमानांनी 'कोरिओ' ही प्रवासी उडती बोट पाडली. आतल्या 18 जणांपैकी 13 गेले. 15 फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. 28 फेब्रुवारीला जावाहून ब्रूमला निघालेली 'सर्सी' वाटेतच नाहीशी झाली, तिच्यातलं कोणीही वाचलं नाही. 3 मार्चला खुद्द ब्रूमच्या खाडीत नांगरलेल्या 15 उडत्या बोटी जपानी हल्ल्यात जळाल्या. त्यांपैकी कित्येकींमध्ये जावाहून पळून आलेली डच बायकामुलं बसलेली होती. निदान 88 माणसं त्या सकाळी मेली. मोठ्या ओहोटीला तिथे अजून सांगाडे उघडे पडतात. मी एकदा गेलो होतो. गुडघाभर चिखलातून चालत त्या गंजक्या लोखंडापाशी पोचलो आणि तिथे कोणालाच बोलावंसं वाटेना.

ऑस्ट्रेलिया आता हवाई मार्गाने इंग्लंडपासून तोडला गेला होता. अंदमान, सुमात्रा, ख्रिसमस बेट, सगळं जपानच्या हातात. उरला तो मधला उघडा हिंदी महासागर. पर्थ ते सिलोनच्या दक्षिण टोकाजवळचं कोग्गला तळं, सरळ रेषेत सुमारे 5,650 किलोमीटर. वाटेत उतरायला काही नाही. क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीचे प्रमुख हडसन फिश यांनी हा मार्ग सुरू व्हावा म्हणून पाठपुरावा केला, ब्रिटिशांनी कॅटलिना जातीच्या पाच उडत्या बोटी दिल्या, आणि जून 1943 मध्ये पहिलं उड्डाण झालं. सेवा जुलै 1945 पर्यंत चालली. या पाच कॅटलिनांनी एकूण 271 वेळा महासागर ओलांडला. एकही बुडाली नाही, एकही माणूस गेला नाही.

एका खेपेला साधारण 27 ते 32 तास लागत. सर्वात लांबलेली खेप 32 तास 9 मिनिटांची. तेवढ्या वेळात प्रवाशांना सूर्य दोनदा उगवताना दिसे, म्हणून 'डबल सनराइज' हे नाव. प्रवासी किती? जास्तीत जास्त तीन.

बाकीचं प्रतिसादांत लिहितो.

---

यंत्रमित्र

वा! कॅटलिनाबद्दल वाचलं होतं, पण पाणबुड्या शोधणारं विमान म्हणून. प्रवासी नेत असे हे नवीन. तीनच प्रवासी का? एवढं मोठं विमान, पंखांचा पसारा 31 मीटरच्या वर.

---

खारावारा

@यंत्रमित्र, सगळी गोष्ट या प्रश्नातच आहे. वजन.

आत आठ जादा टाक्या बसवल्या होत्या. निघताना पोटात सुमारे 9,040 लिटर पेट्रोल. पेट्रोलचं वजन धरा लिटरला 720 ग्रॅम, म्हणजे साडेसहा टन निव्वळ इंधन. उठताना विमानाचं एकूण वजन सुमारे 16 टन, म्हणजे कारखान्याने घालून दिलेल्या मर्यादेच्याही वर. माणसं आणि टपाल मिळून उरायचे जेमतेम साडेचारशे किलो. तीन प्रवासी, त्यांचं थोडकं सामान, आणि 69 किलो टपाल. तेवढंच.

वजन वाचवायला बर्फ घालवायची यंत्रणा काढली, थंडी आणि आवाज अडवणारं अस्तर काढलं. म्हणजे ते तीस तास प्रवाशांनी दोन इंजिनांच्या घरघरीत, उघड्या पत्र्याच्या आत काढायचे. जे बसले ते बहुतेक लष्करी अधिकारी आणि सरकारी कामावरची माणसं होती. त्यांनी कोणाला सांगायचंही नव्हतं.

निघाल्यावर पहिले कित्येक तास विमान इतकं जड असायचं की एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्यावर उंची राखता येत नसे. त्या तासांत विमानातल्या प्रत्येकाचं लक्ष इंजिनांच्या आवाजाकडे लागलेलं असणार.

---

यंत्रमित्र

मी थोडा हिशोब केला. 9,040 लिटर 32 तास 9 मिनिटांत पूर्ण संपले असं धरलं तरी तासाला 280 लिटर येतात. दोन्ही इंजिनं मिळून! प्रत्येकी 1,200 अश्वशक्तीची ट्विन वास्प इंजिनं आहेत ही. याचा अर्थ ती अगदी मंद, जेवढ्यास तेवढी चालवत असणार. वेगही तसाच दिसतो, 5,650 भागिले 28, ताशी 200 किलोमीटर. आज मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ज्यांना दंड होतो ते याच्या फार मागे नसतात.

पाण्यावरून उठण्याबद्दल एक भर घालतो. पाणी आरशासारखं शांत असेल तर उठायला सोपं असं लोकांना वाटतं. उलट आहे. सपाट पाणी बोटीच्या तळाला चिकटून धरतं. थोड्या लाटा असल्या की तळाखाली हवा शिरते आणि बोट सुटते. 16 टन घेऊन वारा पडलेल्या पहाटे नदीतून उठायचं म्हणजे वैमानिकाची परीक्षाच.

---

अनुराधा_नक्षत्र

खारावारा, पाच विमानांना नावं होती का? उडत्या बोटींना जहाजांसारखी नावं देत असत ना?

---

खारावारा

हो. अल्टेर स्टार, व्हेगा स्टार, रायजेल स्टार, अँटारेस स्टार, स्पायका स्टार. दिशा काढायला ज्या तेजस्वी ताऱ्यांचा उपयोग होई त्यांचीच नावं.

---

अनुराधा_नक्षत्र

माझ्या अंगावर काटा आला. मराठीत म्हणून बघा:

अल्टेर म्हणजे श्रवण. व्हेगा म्हणजे अभिजित. अँटारेस म्हणजे ज्येष्ठा. स्पायका म्हणजे चित्रा. आणि रायजेल म्हणजे राजन्य, मृगाच्या चार पायांपैकी एक.

चित्रेवरून चैत्र, ज्येष्ठेवरून ज्येष्ठ, श्रवणावरून श्रावण. पाचांतली तीन विमानं आपल्या महिन्यांच्या नावांची निघाली! मी आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत मुलांना हे तारे दाखवते. आता ही गोष्टही सांगणार.

आणखी एक. जुलैत रात्री नऊ-दहाच्या सुमारास विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे या विमानांच्या वाटेवर, ज्येष्ठा जवळजवळ डोक्यावर असते. श्रवण ईशान्येकडे वर चढलेला, अभिजित उत्तरेला खालच्या बाजूला, चित्रा पश्चिमेला उतरलेली. राजन्य मात्र त्या दिवसांत पहाटेच्या आधी उगवत नाही, त्याची खरी वेळ डिसेंबर-जानेवारीची. म्हणजे पहिल्याच महिन्यातल्या नाविकाला रात्र पडताच पाचांतले चार तारे हाताशी होते.

ते तारे बघून जागा कशी काढत हे कोणीतरी सविस्तर लिहा ना.

---

दर्यावर्दी_निवृत्त

मी लिहितो. व्यापारी जहाजावर नोकरी केली, सेक्स्टंट हातात घेतलेल्या शेवटच्या काही पिढ्यांतला मी.

सेक्स्टंटने तारा क्षितिजापासून किती अंश वर आहे ते मोजतात. त्याच क्षणाची अचूक वेळ घड्याळावरून टिपायची. पंचांगासारखं नाविकांचं पुस्तक असतं, त्यावरून त्या क्षणी तो तारा पृथ्वीवरच्या कुठल्या बिंदूच्या बरोबर माथ्यावर आहे ते कळतं. दोन्हींची सांगड घातली की नकाशावर एक रेषा मिळते, आपण त्या रेषेवर कुठेतरी आहोत. दुसऱ्या ताऱ्याने दुसरी रेषा, तिसऱ्याने तिसरी. जिथे छेदतात तिथे आपण. घड्याळ चार सेकंद चुकलं तर विषुववृत्तापाशी जवळजवळ एक सागरी मैल चुकतो.

जहाजावर हे करताना पायाखाली डेक असतो, आणि पहाटे-संध्याकाळी क्षितिज दिसतं. विमानात रात्री क्षितिज दिसत नाही, म्हणून बुडबुड्याचा सेक्स्टंट वापरत, गवंड्याच्या पाणसळीत असतो तसा बुडबुडा क्षितिजाचं काम करतो. हवेत हेलकावे बसत असले की तो स्थिर राहत नाही, मग पुन्हा पुन्हा मोजून सरासरी काढायची. आभाळ भरलेलं असलं तर तेही नाही. मग वेग, दिशा आणि वाऱ्याचा अंदाज यांवर भिस्त.

आम्हाला संशय आला तर रेडिओवर किनाऱ्याला विचारता येई. यांना ते नव्हतं ना?

---

खारावारा

@दर्यावर्दी_निवृत्त काका, मनापासून धन्यवाद, हे मला लिहिता आलं नसतं.

बरोबर, रेडिओ बंद. जपान्यांना थांग लागू नये म्हणून विमानाने मौन पाळायचं. ठरलेल्या वेळी हवामानाचे त्रोटक मोर्स संदेश तेवढे. संरक्षणाला सोबत विमान नाही. दूरच्या सुमात्राकडून जपानी विमान येण्याचा धोका जिथे जास्त, तो पट्टा अंधारात पार पडेल असं वेळापत्रक बसवलेलं असे.

---

शंकासूर

मला दोन सूर्योदयांचं गणित पटत नाही. 28 तासांच्या उड्डाणात सकाळी नऊला निघालात तर दुसऱ्या दिवशी दुपारी एकला पोचाल, सूर्योदय एकच.

---

दर्यावर्दी_निवृत्त

शंका रास्त आहे. निघण्याची वेळ पहिल्या उजाडण्याच्या आधीची असेल तरच दोन दिसतील. आणि दोन्ही दिशांचं गणित वेगळं आहे. पर्थ आणि कोग्गला यांच्या रेखांशांत साधारण साडेपस्तीस अंशांचा फरक, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने 2 तास 20 मिनिटांच्या आसपास. पश्चिमेला जाताना सूर्य आपल्या मागून येतो, म्हणून दोन सूर्योदयांत सव्वासव्वीस तासांच्या आसपास अंतर पडतं. पूर्वेला येताना आपण सूर्याला सामोरे जातो, तेव्हा ते पावणेबावीस तासांच्या जवळ येतं. म्हणजे सिलोनहून पर्थला येताना दोन सूर्योदय आरामात बसतात, पर्थहून जाताना पहाटेच्या अंधारातच निघावं लागतं. ऋतूप्रमाणे थोडं इकडेतिकडे.

---

शंकासूर

पटलं. वहीत आकृती काढून बघितली, मग नीट उमगलं. आभार काका.

---

ग्वाल्हेरकर

फार दिवसांनी इथे लिहितोय, पण मूळ लेखातल्या एका ओळीने थांबवलं. त्या एम्पायर उडत्या बोटी कराची ते कलकत्ता जाताना मध्ये कुठे उतरत ते कोणी सांगितलं नाही.

कराचीची कोरंगी खाडी सोडली की राजस्थानात राजसमंद. तिथून आमचं ग्वाल्हेर, माधोसागर तलाव. मग अलाहाबाद, आणि कलकत्त्याला बालीजवळ हुगळी नदीवर. 1938 च्या वेळापत्रकात हे थांबे आहेत.

विचार करा. राजसमंद हा महाराणा राजसिंहांनी सतराव्या शतकात बांधवलेला तलाव, त्याच्या घाटावर शिळांवर कोरलेलं अख्खं संस्कृत काव्य आहे, आणि त्याच पाण्यावर इंग्लंडहून निघालेली बोट येऊन टेकायची. नंतर शिंदे सरकारांच्या ग्वाल्हेरला. आमच्या वाड्यात आजी सांगायची की शहरातली माणसं टांगे करून 'पाण्यातलं विमान' बघायला जात. ती स्वतः गेली होती की ऐकीव सांगत होती हे विचारायचं राहून गेलं आणि आता विचारायला कोणी नाही.

मुंबई या मार्गावर नव्हती. आपल्या टपालाला कराचीहून टाटांची विमानं होती. जेआरडी टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, ती त्या सेवेची सुरुवात. म्हणजे मुंबईकराचं पत्र कराचीपर्यंत टाटांच्या विमानाने जाई आणि तिथे मोठ्या मार्गाला लागे.

---

खारावारा

@ग्वाल्हेरकर, तुमच्या प्रतिसादामुळे धाग्याला अर्थ आला. तळ्यांची ती साखळी तुटली म्हणून तर हे एका दमात महासागर ओलांडणं नशिबी आलं. आधी दर काही तासांनी खाली उतरायचं, जेवायचं, रात्री मुक्काम करायचा. 1943 मध्ये तीस तासांत पाय टेकायला जागा नाही.

आणि कराची या गोष्टीतही परत येते. पुढे कॅटलिना कोग्गलाहून कराचीपर्यंत जाऊ लागल्या, तिथून ब्रिटिश विमानांनी इंग्लंडकडे.

---

टपालपेटी

69 किलो टपालाबद्दल. त्या काळात सैनिकांची पत्रं हलकी करायची एक युक्ती होती, एअरग्राफ. पत्र ठरावीक कागदावर लिहायचं, त्याचा फोटो बारीक फिल्मवर घ्यायचा, फिल्मचं रीळ विमानाने पाठवायचं, आणि पलीकडे मोठं करून छापून घरी पोचवायचं. पोत्यांचं वजन मूठभर रिळांवर येई. जिथे एकेक किलो पेट्रोलाशी भांडत होता तिथे याची किंमत किती असेल!

माझ्या संग्रहात दोन एअरग्राफ आहेत. अक्षर इतकं बारीक की भिंग लागतं. एकात आईला फक्त एवढंच लिहिलंय की मी बरा आहे, इथे ऊन फार.

---

वाचनवेडी

टपालपेटी, ती शेवटची ओळ वाचून गलबललं.

खारावारा, माझा प्रश्न. बोइंगची ती मोठी क्लिपर उडती बोटही युद्धात प्रवासी नेत होती ना? तिच्या मानाने कॅटलिना म्हणजे अगदीच साधी.

---

खारावारा

हो, बोइंग 314. तिच्यात झोपायला पलंग, जेवायला वेगळी खोली. जानेवारी 1942 मध्ये चर्चिल अमेरिकेहून परतताना बर्म्युडाहून प्लिमथला तसल्याच 'बर्विक' नावाच्या बोटीने गेले.

त्या जातीची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट 'पॅसिफिक क्लिपर'ची. 7 डिसेंबर 1941 ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा ही बोट ऑकलंडच्या वाटेवर होती. घरी परतायचा नेहमीचा रस्ता बंद. कॅप्टन रॉबर्ट फोर्ड यांनी तिला उलट्या दिशेने, पश्चिमेकडून न्यूयॉर्कला न्यायचं ठरवलं. त्या मुलखाचे नीट नकाशेही जवळ नव्हते. सुराबायाला विमानाचं पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारीचं भरून सिलोनच्या त्रिंकोमालीला आले. तिथून नाताळच्या आदल्या दिवशी निघाले तर एक इंजिन फुटलं, परत फिरले, दुरुस्त केलं. मग भारतावरून उडत कराची, पुढे बहारीन, खार्टूम, काँगो नदीवर लिओपोल्डव्हिल, अटलांटिक ओलांडून ब्राझील, आणि 6 जानेवारी 1942 ला न्यूयॉर्क. कोणालाही कळवलेलं नव्हतं. पन्नास हजार किलोमीटरचा प्रवास.

तरीही मला कॅटलिना जास्त भिडते. क्लिपरवर एकदाच वेळ आली आणि माणसं तिला पुरून उरली. कॅटलिनावाल्यांनी तीच जोखीम ठरवून, तारीख लावून, दोन वर्षं पत्करली. बाहेर कोणाला पत्ता नाही, वर्तमानपत्रात एक ओळ नाही. पेट्रोल मोजायचं, तारे मोजायचे, इंजिनं ऐकायची, आणि उतरल्यावर पुढच्या खेपेची तयारी. या शांतपणाबद्दल मला फार आदर वाटतो.

---

लंकाप्रेमी

कोग्गलाला मी गॉलहून रिक्षाने गेले होते. नारळ, खारफुटी, मधे लहान लहान बेटं. सुंदर जागा आहे. पण तिथली दुसरी बाजूही लिहावी वाटते. हा तळ उभारायला ब्रिटिशांनी गावच्या गाव उठवलं. घरं पाडली. एका नामवंत सिंहली लेखकाचं जन्मघर तेवढं वाचलं, आज तिथे लोकजीवनाचं संग्रहालय आहे. तिथली जुनी भांडी, होड्या बघताना सतत वाटत होतं की ज्यांची ही भांडी, ती माणसं रातोरात कुठे गेली असतील.

आणखी एक. याच तळ्यावरून 4 एप्रिल 1942 ला कॅनडाचे लिओनार्ड बर्चल कॅटलिना घेऊन टेहळणीला गेले आणि त्यांना जपानचं अख्खं आरमार सिलोनकडे येताना दिसलं. संदेश पाठवता पाठवताच त्यांना पाडलं, ते कैद झाले. दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर बॉम्ब पडले तेव्हा शहर निदान सावध होतं. 6 एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावरही बॉम्ब पडले.

---

खारावारा

@लंकाप्रेमी, गाव उठवल्याचं लिहिलंत ते बरं केलंत. मी कोग्गलाचं नाव इतक्या वेळा घेतलं आणि तिथल्या माणसांचा विचार केला नव्हता.

---

वाचनवेडी

आता त्या पाच विमानांपैकी एखादं बघायला मिळतं का? पर्थला येणं झालं तर नक्की जाईन.

---

खारावारा

नाही मिळत.

जून 1944 पासून याच मार्गावर चाकांची लिबरेटर विमानं आली. ती जास्त वजन नेत आणि वेळही बराच कमी घेत. क्वांटासच्या विमानावर कांगारूचं चिन्ह पहिल्यांदा आलं ते त्या लिबरेटरवर. कॅटलिना तरी जुलै 1945 पर्यंत चालत राहिल्या. प्रत्येक प्रवाशाला एक प्रमाणपत्र मिळे, 'दुहेरी सूर्योदयाचा गुप्त संघ' अशा अर्थाचं. काही घरांत ती कागदं अजून जपलेली आहेत. क्वांटासने अलीकडे सिडनीहून लंडनला न थांबता जाण्याच्या योजनेला 'सनराइज' नाव दिलं, ते याच सेवेच्या आठवणीने.

विमानं मात्र युद्धकाळातल्या उसनवारीच्या कराराखाली आलेली. करारात असं होतं की युद्ध संपल्यावर ती परत करायची, विकत घ्यायची किंवा नष्ट करायची. म्हणून ती समुद्रात नेऊन बुडवली, बहुतेक इथेच, पर्थसमोरच्या रॉटनेस्ट बेटापलीकडच्या खोल पाण्यात. ज्यांनी ती 271 वेळा सुखरूप आणली-नेली, त्यांच्या डोळ्यांदेखत.

रॉटनेस्टला फेरीबोटीने तासाभरात जाता येतं. तुम्ही आलात तर मी येईन सोबत. जुलैत या. थंडी असते, पण रात्री बेटाच्या पश्चिम टोकाला दिवे नसतात, ज्येष्ठा अगदी माथ्यावर दिसते.

---

अनुराधा_नक्षत्र

मी पण येणार. दुर्बीण माझी.